सही जुळत नाही



मंडळाचे कार्यकर्ते दोन वर्षं मागे लागले होते, ‘अंकासाठी काहीतरी लिहा.’ मी टाळत होतो. मी प्रवचनकार नाही. बी.कॉम. होऊन छत्तीस वर्षं बँकेत क्लार्क म्हणून खाती सांभाळलेला साधा गृहस्थ. पण एक प्रश्न मनात घर करून आहे, तो आपल्यापुढे मांडतो. ‘मी’पणा जावा म्हणून आपण जन्मभर महाराजांच्या पायाशी मागणं मागतो. मग आजारात एखाद्याचा ‘मी’ हरवला, तर ते दुःख का मानायचं?

हा प्रश्न पुस्तकातला नाही. माझ्यावर आलेला आहे.

२०१८ साली मी निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी जुलैत तो पाऊस झाला. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, तोच. हेंद्रेपाड्यातल्या लोकांना उल्हास नदीचं पाणी नवीन नाही, २००५ चा २६ जुलै कोण विसरेल? आमचं घर तळमजल्यावर, कमरेपर्यंत पाणी आलं. चिखल काढला, गाद्या फेकल्या, गणपतीपर्यंत घर पूर्वपदावर आलं. मी मात्र आलो नाही.

पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. चहाला चव नाही. पेपर हातात धरायचा, पण ओळ पुढे सरकायची नाही. कुठला शर्ट घालू, हेही ठरवता येईना. दाढी करताना आरशातला माणूस ओळखीचा वाटे, आपला वाटत नसे. आरतीला उभा राहायचो, तोंडातून शब्द बरोबर यायचे, टाळीही तालात पडायची, पण म्हणणारा आत कुणी नव्हता. त्या वर्षी दत्तजयंतीला संध्याकाळी पाळणा हलला, सुंठवडा हातावर पडला, आजूबाजूच्या माणसांचे डोळे भरून आले. मी कोरडाच.

त्याच सुमारास पैसे काढायला बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘‘काका, सही जुळत नाहीये. परत करता का?’’ परत केली. तीही जुळली नाही. तिसऱ्यांदा हात थरथरला. त्या मुलीची काहीच चूक नव्हती, ह्याच कारणासाठी मी स्वतः शेकडो स्लिपा परत केल्या असतील. बाहेर बाकावर बसलो आणि मनात आलं, बरोबरच आहे. ज्याची ती सही होती, तो माणूस राहिलाच नाही.

आता गंमत बघा. सप्ताहाला बसणाऱ्या आमच्यातल्या एका जुन्या दत्तभक्तांनी माझं कौतुक केलं. म्हणाले, ‘‘तुम्हाला वैराग्य आलंय. खाण्यात लक्ष नाही, पैशात लक्ष नाही, बोलणं नाही. भाग्यवान आहात.’’ त्यांचा हेतू चांगला होता. पण घरी सौ. रडत होती आणि इथे मला शाबासकी मिळत होती. दोघांपैकी खरं कोण?

भागवताच्या अकराव्या स्कंधातले अवधूताचे चोवीस गुरू आपल्याला ठाऊक आहेत. नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात ते मराठीत विस्ताराने सांगितले. त्यातला नववा गुरू अजगर. मिळेल ते खातो, नाही मिळालं तर पडून राहतो. मीही दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. वरून पाहिलं तर दोन्ही सारखंच. पण अजगर समाधानाने पडलेला असतो. मी पडलो होतो, कारण उठवत नव्हतं.

सतरावी गुरू पिंगला. विदेह नगरीतली ही वेश्या अर्ध्या रात्रीपर्यंत दाराशी वाट बघत उभी राहिली, शेवटी आशाच सोडली, आणि सुखाने झोपली. भागवत तिच्या निराशेला परम सुख म्हणतं. ह्या कथेत मला माझं उत्तर सापडलं, आणि ते अगदी साधं आहे. पिंगलेला झोप लागली. मला लागत नव्हती. आशा सुटल्यावर तिचं ओझं उतरलं. माझी आशा गेली, ओझं तसंच राहिलं. ज्या निराशेत माणूस शांत झोपतो ती निराशा वेगळी, आणि जी पहाटे तीनला छातीवर बसते ती वेगळी. शब्द एकच आहे, म्हणून आपली फसगत होते.

आणखी एक गोष्ट. नैराश्यात ‘मी’ हरवतो असं मीच वर लिहिलं, पण ते अर्धंच खरं आहे. आनंद घेणारा, माया करणारा, ठरवणारा ‘मी’ हरवतो. दोष देणारा ‘मी’ मात्र चोवीस तास जागा असतो. मी वाईट, मी घरावर ओझं, माझ्यामुळे सगळ्यांचे हाल. दिवसभर मी, मी आणि मीच. ह्याला अहंकार गेला असं कसं म्हणायचं? यदुराजाने विचारल्यावर अवधूताने पृथ्वीपासून कुंभारमाशीपर्यंत एकेकाचा गुण मन लावून सांगितला. त्याचं लक्ष सगळ्या जगाकडे होतं, म्हणून त्याला स्वतःची आठवण राहिली नव्हती. माझं लक्ष जगातल्या एकाही वस्तूकडे नव्हतं. त्याचं दार सताड उघडं होतं, माझं आतून कडी घातलेलं. वैराग्य देता येतं, म्हणजे आपल्याजवळचं आपण आपल्या हाताने महाराजांना देतो. आजारात कुणी काही देत नाही, हातातून काढून घेतलं जातं.

मग भक्ती कमी पडली का? हा प्रश्न मला फार जाळत होता. ‘‘नामस्मरण वाढवा’’, ‘‘गाणगापूरला जाऊन या’’, ‘‘मन खंबीर करा’’, सगळं ऐकलं. आणि नको ते विचारही येऊन गेले, ते लपवत नाही.

श्रीगुरुचरित्रातल्या त्या पोटशूळाच्या ब्राह्मणाची कथा आपण पारायणात दरवर्षी वाचतो. पोटदुखीने कंटाळून तो गोदावरीत जीव द्यायला निघाला होता. श्रीनृसिंहसरस्वती महाराजांनी शिष्यांना धाडून त्याला परत आणवलं आणि काय दुःख आहे ते विचारलं. जीव देणं पाप आहे हे सांगितलंच, पण तेवढ्यावर त्याला सोडून दिलं नाही. तुझ्यावर आमच्याकडे औषध आहे, म्हणाले, आणि सायंदेवाला त्याला जेवू घालायला सांगितलं. सायंदेव घाबरला, जेवून हा मेला तर पाप मला लागेल! तरी गुरुआज्ञा म्हणून त्याने जेवू घातलं. हा सायंदेव कोण? यवन राजाच्या पदरी नोकरी करणारा संसारी माणूस. आपल्यासारखाच नोकरदार.

आधी परत बोलावणं, मग विचारपूस, मग औषध, आणि तेही एका गृहस्थाच्या हातून. हा क्रम मी तीस वर्षं वाचत होतो, पण कळला तेव्हाच.

माझा सायंदेव म्हणजे माझा मुलगा. तो म्हणाला, ‘‘बाबा, गाणगापूरला नेतो, पण आधी डॉक्टरांकडे.’’ कल्याणच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तासभर ऐकून घेतलं. थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लावलं, कारण म्हातारपणी त्यानेही अशी मरगळ येऊ शकते. मग गोळ्या सुरू केल्या आणि स्पष्ट सांगितलं, गुण यायला काही आठवडे लागतील, आणि बरं वाटलं तरी मनाने बंद करायच्या नाहीत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात एका सकाळी चहा गोड लागला. एवढंच. पण सौ.ला सांगितलं तेव्हा ती देवघरात जाऊन बसली.

कुणी म्हणेल, गोळीने आलेला आनंद खरा का? मी चष्मा लावून वर्षानुवर्षं सह्या तपासल्या. चष्म्याने सह्या निर्माण केल्या नाहीत, होत्या त्या दाखवल्या.

बँकेतलं एक उदाहरण देतो. दोन वर्षांहून जास्त काळ ग्राहकाने व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय होतं. अशा लोकांना वाटतं पैसे बुडाले. तसं नसतं. शिल्लक खात्यात असते, बचत खात्यावर व्याजही पडत राहतं. दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेली तरी मालकाचा हक्क जात नाही. फक्त ते खातं पुन्हा चालू करायला कुणीतरी माणसाला हात धरून काउंटरपर्यंत आणावं लागतं. ‘पैसे काढ, पैसे काढ’ असं घरी बसून ओरडल्याने खातं चालू होत नाही. ‘खंबीर हो’ म्हणणं हे तसंच आहे.

अवधूताचा सहावा गुरू चंद्र. कला वाढतात, घटतात, त्या चंद्राच्या नव्हेत, चंद्र तेवढाच असतो. अमावास्येला तो दिसत नाही म्हणून गेला असं कुणी म्हणत नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजन्म साजरा करताना हे आठवावं.

बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं असं दिसलं. आपल्या सप्ताहाला साठ माणसं बसतात. हिशोब तुम्हीच करा. आपल्या जवळच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ ह्या नंबरावर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलते. घरात कुणी दोन आठवड्यांहून जास्त गप्प असेल, झोपत नसेल, ‘माझा काय उपयोग’ म्हणत असेल, तर त्याला वैरागी समजू नका आणि आळशीही म्हणू नका. जवळ बसा, विचारा, घेऊन जा. पारायणही करा. मी दोन्ही करतो.

पूर्वीचा मी जसाच्या तसा परत आलो, असं नाही. मध्ये एकदा पुन्हा खाली गेलो होतो, एक गोळी अजून चालू आहे. सही काही पूर्वीसारखी जमली नाही. शेवटी बँकेत जाऊन कार्डावर नवीन नमुना सही दिली. त्या मुलीने दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि म्हणाली, ‘‘काका, वळण तेच आहे.’’

श्री गुरुदेव दत्त.