परत येण्याचे वचन

अमेरिकेत संगणक-अभियांत्रिकी शिकायला निघालेल्या मुलाला विमानात बसण्याआधी वकिलातीच्या एका खिडकीसमोर उभे राहून सांगावे लागते, की शिकून झाले म्हणजे मी माझ्या घरी परत येईन. १९५२ साली तिथे झालेल्या कायद्यातले हे कलम आहे. विद्यार्थ्याचे मायदेशी घर असले पाहिजे आणि ते सोडून देण्याचा त्याचा इरादा नसला पाहिजे. अधिकाऱ्याने धरून चालायचे ते हा राहायलाच निघाला आहे असे. उलट सिद्ध करायचे ते मुलाने. दोन-तीन मिनिटांत निकाल लागतो.

हे वचन देणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात ते पाळायचे नसते. मग याला असत्य म्हणावे काय?

माझा एक जुना विद्यार्थी ही उत्तरे पाठ करून माझ्यापुढे म्हणून दाखवायला आला होता. "सर, ऐका आणि खरं वाटतं का ते सांगा," म्हणाला. वडिलांनी जमीन गहाण टाकलेली. कर्ज रुपयांत, पण ते फिटायचे डॉलरच्या पगारातून, हे जामीन राहिलेल्या मामापर्यंत सर्वांना ठाऊक. म्हणजे एकाच पिशवीत दोन कागद : एका कागदाप्रमाणे पोरगा परत येणार, दुसऱ्याप्रमाणे परत आला तर घर बुडणार. आणि दोन्ही कागदांवर सही त्याचीच.

अशा वेळी आपल्याकडे धर्मराजाची आठवण काढतात. अश्वत्थाम्याविषयी तो अर्धवट बोलला आणि चार बोटे अधांतरी चालणारा त्याचा रथ भुईला टेकला. पण तिथे द्रोणाचार्य खरोखरच फसले, त्यांनी शस्त्र ठेवले. इथे फसतो कोण? खिडकीपलीकडच्या सरकारनेच पदवीनंतर बारा महिने नोकरी करण्याची मुभा देऊन ठेवली. अभियांत्रिकीच्या मुलांसाठी २००८ साली तीत सतरा महिन्यांची भर घातली, २०१६ साली ती चोवीस केली. पुढे नोकरदाराचा परवाना मिळालाच (वर्षाला पासष्ट हजार, शिवाय तिथली वरची पदवी घेतलेल्यांसाठी वीस हजार, आणि अर्ज त्याहून जास्त आले की सोडत!), तर १९९० च्या कायद्याने त्याच माणसाला तात्पुरते येऊन कायमचे राहण्याची इच्छाही उघडपणे बाळगता येते. शिकतो आहे तोवर मन एक हवे. कामाला लागला की दोन चालतात. असल्या खिडकीशी बोललेल्या असत्याचा मोठा दोष मला त्या पोराच्या पदरी घालवत नाही.

तो जे शास्त्र शिकायला जातो त्याचा पाया मात्र होय आणि नाही या दोनच शब्दांचा. १९३७ साली क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की उघडझाप करणाऱ्या विजेच्या कळांनी बूलचे तर्कशास्त्र चालवता येते. तारेवर एक असेल, नाहीतर शून्य. कायद्याला मनाचेही तसेच हवे असते. बावीस वर्षांच्या मुलाच्या मनात परत येणे असते आणि नसतेही. आईच्या हातचे जेवताना असते, हप्त्याचा आकडा पाहिला की नसते.

मला अधिक खुपते ते वेगळेच. आनंदीबाई जोशी १८८३ साली निघाल्या तेव्हा श्रीरामपूरला भर सभेत आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे म्हणाल्या. हे वचन त्यांनी आपल्या माणसांना दिले, कारण विचारत होती ती आपलीच माणसे. आज विचारतो तो परका अधिकारी. घरी कोणी विचारीत नाही. बाप विचारीत नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक आहे. आई विचारीत नाही, कारण तिला ते ऐकायचे नाही. मुलगा गप्प राहतो, आणि या गप्प राहण्यावर तिघेही पुढली वीस वर्षे काढतात. त्या अवधीत म्हातारपण येते, आजारपण येते, शेत वाट्याने लावावे लागते. यातले काहीही खिडकीशी बोललेल्या शब्दांनी बिघडलेले नसते.

त्या विद्यार्थ्याला मी म्हटले, तुझी उत्तरे चांगली बसली आहेत. आता जाण्यापूर्वी एकदा वडिलांजवळ बस आणि जमिनीचे व त्या दोघांचे पुढे काय करायचे ते बोल. तो म्हणाला, "सर, ते सगळं व्हिसा झाल्यावर."