गुरू एकाचा की अकरांचा?

एका मुलास दोन गुरू असावेत काय, आणि त्या दोघांच्या आज्ञा परस्परविरुद्ध निघाल्या तर त्याने कोणाची पाळावी, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडांगणाचा आहे. परंतु थोडे खोल गेल्यास तो धर्मविचाराचाच एक भाग आहे असे दिसून येईल. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने चोवीस गुरू केले, ही कथा आपणांपैकी बहुतेकांनी देवळातल्या पुराणात कधी ना कधी ऐकली असेल. पण त्या चोविसांत पृथ्वी होती, वायू होता, अजगर होता, मधमाशी होती. त्यांपैकी एकही गुरू शुल्क घेत नव्हता, आणि रविवारच्या सामन्यात शिष्याने कितव्या क्रमांकावर फलंदाजीस जावे यावरून दुसऱ्या गुरूशी त्याचा तंटा होत नव्हता. आजच्या मुलाची स्थिती अवधूताहून अवघड आहे.

शाळेचा किंवा क्लबाचा संघ असतो. त्याचा एक प्रशिक्षक असतो. मूल थोडे चमकू लागले की आईबाप त्यास संध्याकाळी किंवा पहाटे दुसऱ्या, खाजगी शिक्षकाकडे पाठवितात. गोव्यात २०२३ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. खेळ हाही एक मार्ग आहे ही जाणीव आपल्या घरांत पूर्वीपेक्षा अधिक रुजली आहे, आणि त्यात वाईट काही नाही. अडचण पुढे येते. संघाचा प्रशिक्षक सांगतो, खाली राहून एकेक धाव घे. खाजगी शिक्षक सांगतो, तुझा स्वभाव फटकेबाजीचा आहे, तो सोडू नकोस. मुलगा खेळपट्टीवर उभा राहतो तेव्हा त्याच्या कानांत दोन आवाज असतात, आणि समोरून चेंडू येत असतो.

वकिलीच्या व्यवसायात आम्हांस एक भेद पहिल्याच वर्षी शिकावा लागतो. वकीलपत्र एकाचे असते. ज्याचे वकीलपत्र घेतले त्याच्या हिताखेरीज दुसरे काही पाहणे हा वकिलाचा धर्म नव्हे. दुसऱ्या पक्षाचे हित पाहण्यास त्याचा वकील आहे आणि दोघांचे पाहण्यास न्यायाधीश आहे. खाजगी शिक्षक हा त्या अर्थाने मुलाचा वकील होय. या मुलाचे कोपर का उघडते, या मुलीचे पाऊल कोठे चुकते, एवढेच त्याने पाहावयाचे. संघाच्या प्रशिक्षकाची गोष्ट निराळी. त्यास मी न्यायाधीशापेक्षा हिंदू एकत्र कुटुंबाच्या कर्त्याची उपमा देईन. कर्ता सर्वांच्या वतीने व्यवहार करतो. कोणा एका भावाच्या इच्छेविरुद्धही काही वेळा करतो. आणि त्याचा व्यवहार सर्वांवर बंधनकारक होतो. मात्र मिताक्षरेच्या परंपरेने त्याचा हात मोकळा सोडलेला नाही. कुटुंबाची खरी निकड असेल किंवा कुटुंबाचे हित असेल, तरच कर्त्याने विकलेले शेत विकलेले ठरते. एरवी सदस्य न्यायालयात येऊन तो व्यवहार रद्द करून मागू शकतो.

ही मर्यादा प्रशिक्षकासही लागू पडते, आणि येथे खाजगी शिक्षकाच्या बाजूने एक जोरकस गोष्ट सांगितली पाहिजे. चौदा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाच्या कण्याचा खालचा भाग अद्याप पक्का झालेला नसतो. वाढत्या वयात अति गोलंदाजी केल्याने तेथील हाडास बारीक तडा जातो, हे वैद्यकशास्त्रास चांगले ठाऊक आहे, आणि म्हणूनच लहान वयोगटांत षटकांच्या मर्यादा घातल्या जातात. परंतु एक गडी बाद व्हायचा राहिला आहे, ढाल समोर दिसते आहे, आणि संघात वेगवान गोलंदाज एकच आहे. अशा वेळी कर्त्याला सगळीच निकड खरी वाटते. त्या क्षणी 'या मुलास आता चेंडू देऊ नका' असे म्हणणारा कोणी हवा; आणि ज्याचे सारे लक्ष त्या एका मुलाकडे आहे तोच बहुधा ते म्हणू शकतो. शालेय ढाल जिंकणे ही कुटुंबाची निकड नव्हे. संघ सर्वांचा असतो हे खरे, पण कण्याचे दुखणे एकट्याचे असते.

एवढे मान्य करूनही मला महाभारताकडे वळावेसे वाटते, कारण या विषयावर आपल्या वाङ्मयात द्रोणाचार्यांच्या चरित्राइतके बोधप्रद दुसरे काही नाही. भीष्मांनी द्रोणांस नेमले ते कुरुकुलातील सर्व राजपुत्रांसाठी. म्हणजे आजच्या भाषेत ते संघाचे प्रशिक्षक होते, आणि त्यांचा योगक्षेम राजकुलाकडून चालत होता. परंतु आदिपर्वाच्या प्रचलित पाठात एक लहानशी कथा येते, तिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. पाणी आणण्यासाठी आचार्यांनी सर्व शिष्यांस अरुंद तोंडाचे कमंडलू दिले आणि आपला पुत्र अश्वत्थामा याला रुंद तोंडाचा कुंभ दिला. हेतू एवढाच की त्याचे पात्र लवकर भरावे, तो आधी परत यावा, आणि इतर येईपर्यंतच्या त्या थोड्या वेळात त्याला काही अधिक शिकविता यावे. अर्जुनाने ते ओळखले, वारुणास्त्राने आपला कमंडलू भरून घेतला आणि तोही गुरुपुत्राच्या बरोबरीने परतू लागला. खाजगी शिकवणीचा इतका जुना आणि इतका मानवी दाखला दुसरीकडे सापडणार नाही. बापाची माया आहे, थोडी लपवाछपवी आहे, आणि ती ओळखणारा एक हुशार विद्यार्थीही आहे. बाकीचे राजपुत्र मात्र पाण्याची धार पात्रात उतरण्याची वाट पाहत नदीकाठी उभे आहेत. त्यांच्याबद्दल कथा काही बोलत नाही.

पुढे अंधारात जेवताना हात आपोआप तोंडाशी जातो हे पाहून अर्जुन रात्री बाण सोडण्याचा अभ्यास करू लागला. प्रसन्न झालेल्या आचार्यांनी त्यास वचन दिले की, तुझ्या तोडीचा दुसरा धनुर्धर जगात होणार नाही. माझ्या मते अनर्थाचे मूळ या वचनात आहे. गुणी शिष्यावर गुरूचे अधिक प्रेम बसणे हा दोष नव्हे. ते अपरिहार्यच आहे. पण 'मी तुला उत्तम शिकवीन' असे वचन देणे एक, आणि 'तुझ्या तोडीचा कोणी होणार नाही' असे देणे वेगळे. पहिले गुरूच्या हाती असते. दुसरे पाळावयाचे तर ज्याच्याशी आपला काही करार नाही अशा तिसऱ्याच्या आयुष्यात हात घालावा लागतो. द्रोणांस तो घालावा लागला. ज्यास त्यांनी शिष्य म्हणून नाकारले होते, ज्याने मातीच्या पुतळ्यासमोर एकट्याने विद्या मिळविली होती, त्या एकलव्याचा अंगठा त्यांनी गुरुदक्षिणा म्हणून मागितला. वचन अर्जुनाला दिले होते आणि अंगठा एकलव्याचा गेला. (भारत सरकारने उत्तम क्रीडाप्रशिक्षकांसाठी १९८५ साली जो पुरस्कार सुरू केला त्यास याच आचार्यांचे नाव आहे. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात विद्या असेल, अंगठा नसेल. पण ज्यांस तो पुरस्कार मिळतो त्यांनी ती कथा पूर्ण वाचलेली बरी.)

आमच्या व्यवसायाच्या नियमांत एक नियम असा आहे की वकिलाने दाव्याच्या निकालावर अवलंबून राहील अशी फी ठरवू नये. मेहनतीचे मोल घ्यावे, विजयाचे घेऊ नये. 'तुमच्या मुलास अमुक वयोगटाच्या संघात बसवून देतो' असे सांगणाऱ्या खाजगी शिक्षकास हाच नियम का लागू नसावा? संघातील जागा अकराच असतात. एकास बसवून देण्याचा अर्थ दुसऱ्यास उठविणे, आणि तो दुसरा बहुधा ज्याच्याजवळ फी नाही तोच असतो.

याहून बिकट स्थिती दोन्ही गुरू एकच असतात तेव्हा होते. सकाळी संघ निवडावयाचा आणि संध्याकाळी त्याच संघातील तीन-चार मुलांकडून फी घ्यावयाची. असा मनुष्य अप्रामाणिकच असेल असे मी म्हणत नाही. पुष्कळ सज्जन या स्थितीत सापडतात, कारण संघाच्या प्रशिक्षकाचे वेतन तुटपुंजे असते. पण १९६९ साली क्रायपाक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटले ते येथे आठवावे. वनसेवेसाठी उमेदवार निवडणाऱ्या मंडळावर स्वतः एक उमेदवारच सदस्य होता. त्याचे नाव विचारात आले तेव्हा तो उठून गेला. परंतु प्रतिस्पर्ध्यांची नावे विचारात आली तेव्हा तो बसलेला होता. न्यायालयाने ती निवड रद्द केली. पक्षपात प्रत्यक्ष झाला हे सिद्ध करण्याची गरज नाही, तो होण्याचा वाजवी संभव असला तरी पुरे, हे त्यातील तत्त्व. लोढा समितीच्या शिफारशी २०१६ साली न्यायालयाने बहुतांशी मान्य केल्या, तेव्हा हितसंबंधांच्या संघर्षाचा हाच विचार भारतीय क्रिकेटच्या कारभारात आला. तो मोठ्या मंडळापुरता न राहता गावच्या क्लबापर्यंत यावयास हवा. त्यास कायदा नको. प्रशिक्षकाने आपल्या समितीस एवढे सांगितले तरी पुष्कळ होईल की अमुक मुले माझ्याकडे शिकतात, त्यांच्या निवडीत माझे मत धरू नका, आणि ज्यांची त्यांच्याशी स्पर्धा आहे त्यांच्या निवडीतही धरू नका.

यावर कोणी रमाकांत आचरेकरांचे उदाहरण देईल, आणि ते आक्षेप म्हणून योग्यच आहे. शारदाश्रम विद्यामंदिराच्या संघाचे ते प्रशिक्षक होते, आणि शिवाजी पार्कवर सचिन तेंडुलकरास घडविणारे गुरूही तेच. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवावे, जो बाद करील त्याचे ते, आणि सचिन नाबाद राहिला तर त्याचे, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. एका शिष्याकडे एवढे लक्ष देणारा गुरू संघाचा राहिला कसा? त्याचे उत्तर मला फेब्रुवारी १९८८ मधल्या एका प्रसंगात दिसते. हॅरिस शील्ड स्पर्धेत सेंट झेवियर्सविरुद्ध सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली; सचिन ३२६, कांबळी ३४९. साडेतीनशेस एक धाव कमी होती. मैदानावर नसलेल्या गुरूंनी दूरध्वनीवरून डाव घोषित करण्यास सांगितले, आणि डाव घोषित झाला. आपल्याच लाडक्या शिष्याची ती एक धाव ज्यांनी दिली नाही त्यांस दोन्ही भूमिका पेलल्या असे म्हणावयास हरकत नाही. परंतु नियम हे आचरेकरांसाठी करावयाचे नसतात. ते तुमच्याआमच्यासारख्यांसाठी असतात.

आपल्या जुन्या तालमीत हा पेच फारसा नव्हता. कुस्ती हा वास्तविक एकट्याचा खेळ. तरी वस्ताद सर्वांचा, हौदातील माती सर्वांनी मिळून खणलेली, आणि मारुतीपुढचा नारळही सर्वांचा. वडोदऱ्याची जुम्मादादा व्यायामशाळा काय, किंवा १९१४ साली निघालेले अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काय, या संस्थांत एकेका गड्याकडे लक्ष दिले जाई ते सर्वांच्या देखत. ते दिवस जसेच्या तसे परत येणार नाहीत, आणि त्या तालमींत मुलींस जागा नव्हती हे विसरून त्यांचे गोडवे गाऊ नयेत. पण 'सर्वांच्या देखत' ही गोष्ट अजूनही शक्य आहे. ज्यास खाजगी शिक्षक नेमणे परवडते त्याने त्या शिक्षकास आठवड्यातून एक दिवस संघाच्या सरावास यावे असे सुचवावे. ज्या मुलाजवळ फी नाही त्याच्या कानावरही चार गोष्टी पडतील, आणि दोघा गुरूंची ओळख होईल ती निराळीच.

मुलाने कोणाचे ऐकावे, हा मूळ प्रश्न राहिला. वास्कोच्या दामोदर सप्ताहात किंवा आपल्या कोणत्याही देवळातल्या भजनात हे रोज घडते. पखवाजवाल्याने आपले बोल कोणा बुवांकडे घरी बसून घटविलेले असतात. हात कसा पडावा यात त्या बुवांचा शब्द शेवटचा. पण पार सुरू झाला, मुख्य गायकाने लय धरली की तीच लय त्याने धरावयाची. घरच्या गुरूचे शिक्षण तेव्हा त्याच्या बोटांत असते, कानांत नसते. कौशल्याच्या बाबतीत खाजगी शिक्षक, सामन्याच्या बाबतीत संघाचा प्रशिक्षक, आणि शरीराच्या इजेचा प्रश्न असेल तेव्हा जो 'थांब' म्हणेल तो, मग तो कोणीही असो, अशी वाटणी मी करीन. दोघांत मतभेद असेल तर तो त्यांनी समोरासमोर बसून मिटवावा. बारा वर्षांच्या पोराच्या हाती एकाचा निरोप दुसऱ्याकडे पाठवू नये. आणि आईबापांनी घरी जेवणाच्या पानावर बसून त्यांपैकी एकास मूर्ख ठरवू नये, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता त्याच 'मूर्खा'पुढे ते मूल मान खाली घालून उभे राहणार असते.