लायसन्सची तारीख

भेस्तानच्या साधक बंधू-भगिनींनो, दर गुरुवारी दोन आजींना मी आळीपाळीने स्कूटीवर सत्संगाला आणते. परवा पाहिलं तर माझ्या लायसन्सची मुदत संपून दहा महिने झालेले! गुरुमाऊली पाठीशी आहेत म्हणून मी निर्धास्त. पण माझ्या भरवशावर मागे बसणाऱ्यांचं काय? श्रद्धा म्हणजे निष्काळजीपणा नव्हे हो.

मुदत संपून वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखलाही लागतो. ऑनलाइन अर्ज भरलाय. नवीन लायसन्स येईपर्यंत आम्ही तिघी रिक्षाने येऊ.

लायसन्सवर तारीख छापलेली असते, श्वासावर नसते. म्हणून नामस्मरण उद्यावर ढकलू नका. आज माळ हातात घ्या, आणि लायसन्सही बघून घ्या.

जय गुरुदेव 🙏