पावणेनऊशे किलोमीटरांचा वळसा

मुंबई ते कराची हवाई अंतर सुमारे 875 किलोमीटर. मुंबईहून दिल्ली याहून लांब, 1,140 च्या घरात. जेट विमानाला कराची दीड तासाची. पाकिस्तानचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे, म्हणजे इथून नऊला निघालेला माणूस तिथल्या दहाला उतरावा. अंतराचे तक्ते हे बिनदिक्कत सांगून मोकळे होतात. पण असं विमानच नाही. पीआयएची कराची-मुंबई सेवा गेल्या दशकापर्यंत कशीबशी तग धरून होती. आता दुबईमार्गे जायचं: आधी 1,930 किलोमीटर पश्चिमेला, मग 1,190 किलोमीटर उलटं पूर्वेला. सरळ वाटेच्या साडेतीनपट. (तेही व्हिसा मिळाला तर.)

15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. विमान पस मॉथ, एका इंजिनाचं. वाटेत अहमदाबादला उतरून पेट्रोल भरलं आणि जुहूला पोचले. लंडनहून इम्पिरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेली पत्रं सकाळी तिथून सुटली, ती दुपारी दोनच्या आत मुंबईत. आज दुबईत विमान बदलून जाणाऱ्याला याहून कमी वेळ क्वचितच लागत असेल. मधल्या नव्वद वर्षांत इंजिनं कुठल्या कुठे गेली, प्रवास मात्र होता तिथेच.

तेव्हा कराची परमुलूख नव्हती. 1936 मध्ये सिंध वेगळा होईपर्यंत ती मुंबई इलाख्यातच होती. मराठी माणूस तिथे बदलीवर जाई, बिऱ्हाड थाटी. तिथल्या जुन्या सरकारी हायस्कुलाला आजही शिक्षणखात्यातले अधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांचंच नाव आहे. कुणी ते बदललं नाही, याचं मला विमानसेवा बंद पडण्यापेक्षा जास्त नवल वाटतं.

उड्डाणाच्या वेळेत वारा, धावपट्टीवरची रांग, आकाशातल्या घिरट्या हे सगळं धरलेलं असतं. विमान कंपन्या त्याचा हिशेब चोख करतात आणि वर थोडी शिल्लकही ठेवतात. त्यांच्या हिशेबात न बसणारी गोष्ट एकच, खालच्या देशाची मर्जी. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आठवडाभरात भारतानेही तेच केलं. दिल्लीहून युरोपला जाणारी भारतीय विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली. तास वाढले, इंधन वाढलं, पण ती पोचत राहिली. ताश्कंदचं तसं झालं नाही. दिल्लीहून ताश्कंद चेन्नईपेक्षाही जवळ आहे. तरी इंडिगोला तिथली आणि अल्माटीची उड्डाणं थांबवावी लागली, कारण कंपनीच्या ताफ्यातल्या विमानांचा पल्ला त्या वळशाला पुरत नव्हता.