आई कुठे काय करते, या प्रश्नाची पाच वर्षं

मराठीतला ‘कुठे’ हा शब्द दर वेळी ठिकाण विचारत नाही. ‘तो कुठे ऐकतो!’ किंवा ‘मला कुठे वेळ आहे!’ म्हणताना तो सरळ ‘नाही’ म्हणत असतो. ‘तुझी आई काय करते?’ या प्रश्नाला मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेलं उत्तर याच घडणीचं आहे: आई कुठे काय करते, घरीच तर असते. २३ डिसेंबर २०१९ रोजी ‘स्टार प्रवाह’वर सुरू झालेल्या मालिकेनं हेच उत्तर शीर्षक म्हणून घेतलं आणि पुढची जवळजवळ पाच वर्षं, हजाराहून बऱ्याच अधिक भागांतून, ते खोडून काढलं.

त्याच वर्षी हे उत्तर आणखी एका ठिकाणी तपासलं जात होतं. जानेवारी ते डिसेंबर २०१९ या काळात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे कर्मचारी घरोघरी जाऊन माणसांचे चोवीस तास कशात जातात, याची अर्ध्या-अर्ध्या तासाच्या हिशेबानं नोंद घेत होते. वेळेच्या वापराची देशभरातली ही पहिलीच पाहणी. तिच्यात आढळलं ते असं: घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. जे हे काम करत होते, त्यांतही स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७. स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी यांचे हे पाच तास. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल त्यात धरलेली नाही, तिचा रकाना वेगळा आहे.

हे पाच तास रोज कसे जातात, ते सांगायला गोष्टच लागते. पण घरकामाची गोष्ट सांगणं फार अवघड. तिच्यात घटना नसते. पोळी लाटली की ती खाल्ली जाते, भांडं घासलं की ते पुन्हा खरकटं होतं, आणि संध्याकाळी घर सकाळी होतं तिथंच येतं. ज्या कामातून मागे काहीच उरत नाही, त्याचं कथानक कसं करायचं? ‘आई कुठे काय करते!’ला ते जमलं, याचं पुष्कळसं श्रेय दैनंदिन मालिका या प्रकाराला द्यायला हवं; आणि ही मालिका जिथं अडखळली, त्याचं कारणही याच प्रकारात आहे.

मधुराणी प्रभुलकर-गोखले यांनी साकारलेली अरुंधती देशमुख ‘समृद्धी’ बंगल्यात सासू-सासरे, नवरा आणि तीन मुलांसाठी राबते. गाण्याची आवड लग्नानंतर मागे पडलेली. नवऱ्याचे, अनिरुद्धचे, संजनाशी संबंध आहेत, हे तिला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमाराला कळतं. मग घटस्फोट, पुन्हा गाणं, कॉलेजपासूनचा मित्र आशुतोष केळकर आणि त्याच्याशी लग्न. ही कथा मूळची बंगाली. ‘स्टार जलशा’वर जून २०१९ मध्ये सुरू झालेली ‘श्रीमोयी’ लिहिली ती लीना गंगोपाध्याय यांनी. पश्चिम बंगालच्या राज्य महिला आयोगाचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं आहे. पाहता पाहता हीच गोष्ट मराठी, तेलुगू, मल्याळम, तमिळ अशी फिरली आणि जुलै २०२० मध्ये ‘अनुपमा’ होऊन हिंदीत गेली. प्रत्येक भाषेत नावं बदलली, सण बदलले, ताटातले पदार्थ बदलले. पण जेवायला शेवटी कोण बसतं, हे कोणत्याच भाषेत बदलावं लागलं नाही.

मराठी मालिकांत अरुंधती एकटी नाही. तिच्या आधी दोघी येऊन गेल्या आहेत. १९९९ मध्ये ‘अल्फा टीव्ही मराठी’ सुरू झाली आणि ‘आभाळमाया’मधली सुधा जोशी घराघरांत पोचली. सुकन्या कुलकर्णी यांची सुधा प्राध्यापक होती. नवरा दुसऱ्या बाईत गुंतला, तेव्हा तिच्या हाती नोकरी होती आणि तिच्या शब्दाला घरीदारी वजन होतं. २०१६ मध्ये आलेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका (अनिता दाते) नागपूरकडची, वऱ्हाडी ढंगात बोलणारी गृहिणी. तिनं हातच्या चवीतून मसाल्यांचा उद्योग उभा केला आणि पुढे पुन्हा लग्नही केलं. तिघींचं दुःख एकच, पण तिघींनी मागितलेला न्याय वेगळा. सुधाला स्वाभिमान राखायचा होता. राधिकेला आपण काय करू शकतो ते दाखवून द्यायचं होतं. अरुंधतीची मागणी या दोघींहून अवघड, कारण ती मागच्या पंचवीस वर्षांबद्दल आहे: जे आधीच करून झालं, ते काम होतं एवढं तरी माना.

ही मागणी दोन तासांच्या चित्रपटात पटवणं सोपं नाही. २०२१ च्या ‘द ग्रेट इंडियन किचन’ या मल्याळम चित्रपटात जिओ बेबी यांनी चिरणं, लाटणं, उष्टी उचलणं, तुंबलेलं मोरीचं पाणी ही दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवली, तेव्हा कुठे ती थकवणारी पुनरावृत्ती प्रेक्षकाच्या अंगावर आली. मालिकेला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. तिचा स्वभावच मुळी रोज तेच करण्याचा. अरुंधती चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येते, हे दृश्य पहिल्या दिवशी निव्वळ पार्श्वभूमी असतं. शेकडो वेळा पाहिल्यावर आणि मग एके सकाळी तो ट्रे आला नाही म्हणजे त्याचा अर्थ कळतो. ‘किती लांबवतात’ ही मालिकांवरची नेहमीची तक्रार बहुतेक वेळा रास्त असते. या एका विषयापुरतं मात्र ते लांबणंच कामी आलं.

याची मुळं जुनी आहेत. दैनंदिन मालिका १९३० च्या दशकात अमेरिकन रेडिओवर जन्मली. दिवसा घरी असणाऱ्या बायकांसाठी लहान लहान भाग, त्यांना साबण कंपन्यांचा पैसा, म्हणून नाव पडलं सोप ऑपेरा. त्यातली ‘गाइडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ मध्ये थांबली. तानिया मोडलेस्की या अभ्यासक बाईंनी १९८२ मध्ये ‘लव्हिंग विथ अ व्हेंजन्स’ या पुस्तकात दाखवून दिलं, की या मालिकांची लय घरकामाच्या लयीशी जुळलेली असते. घरातल्या बाईचं काम सतत तुटतं, लक्ष सतत दुसरीकडे ओढलं जातं. मालिकाही तशीच तुटक, अनेक धाग्यांची, मधूनच सोडून पुन्हा धरता येईल अशी.

महाराष्ट्राला हे समजायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. इथं काम आणि गोष्ट यांची सांगड जात्यानं घातली होती. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुढाकार घेऊन गावोगावी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या घरात आहे. श्रावणातली कहाणी सुफळ संपूर्ण होते. ओवीला तसा शेवट नसतो. दळण सरलं की ती थांबते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नव्या दळणाबरोबर पुन्हा सुरू होते. सासर, माहेर, भाऊ, लेक हेच विषय फिरून फिरून येतात. संध्याकाळी साडेसातला भाजी निवडत, कणीक मळत एक कान टीव्हीकडे ठेवणारी बाई त्या जात्यावरच्या बाईची वारस आहे. फरक एकच, पण फार मोठा. ओवी तिची स्वतःची होती, मालिका तिच्यासाठी दुसरं कुणी लिहितं.

ते दुसरं कुणी आठवड्याच्या हिशेबानं लिहितं. ‘बार्क’ ही संस्था निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून प्रेक्षकसंख्या मोजते आणि दर गुरुवारी आकडे येतात. कुठला ट्रॅक चालला, कुठला पडला, कोणत्या पात्राला वाढवायचं, कधी लीप घ्यायचा, यावर त्या आकड्यांची सावली असते. कादंबरीकाराला शेवट ठाऊक असू शकतो. मालिकेच्या लेखकाला पुढचा महिनाही पक्का ठाऊक नसतो. म्हणूनच मालिकेत समाजाचं मन जसं उमटतं, तसं इतर कुठल्याच कथाप्रकारात उमटत नाही. प्रेक्षक कुठवर यायला तयार आहे आणि कुठल्या वळणावर चॅनेल बदलेल, याचा अदमास तिला रोज घ्यावा लागतो. पन्नाशीकडे झुकलेल्या, मोठ्या मुलांच्या आईनं घटस्फोट घेणं आणि २०२३ मध्ये पुन्हा लग्न करणं मराठी घरांनी, सासू-सुनांनी शेजारी बसून, जेवणाच्या वेळेला पाहिलं. ही गोष्ट लहान नाही.

आता मालिकेची मर्यादा. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’मध्ये १९८२ सालीच स्मिता पाटील यांच्या सुलभानं घर सोडलं होतं, आणि ती बाहेर पडली तिथं चित्रपट थांबला. मालिकेला तसं थांबता येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाग असतो, उभा केलेला बंगला असतो आणि त्या बंगल्यातल्या साऱ्या माणसांत जीव गुंतलेला प्रेक्षक असतो. त्यामुळे घर सोडलेल्या अरुंधतीला कधी मुलांच्या लग्नासाठी, कधी कुणाच्या अडचणीसाठी ‘समृद्धी’च्या उंबऱ्याशी पुन्हा पुन्हा यावं लागलं. यात तडजोड आहे, तशी खरी बाजूही आहे. घटस्फोट झाला म्हणून आईपण संपत नाही आणि वीस-पंचवीस वर्षांची नाती न्यायालयाच्या एका कागदानं सुटत नाहीत, हे त्या वाटेनं गेलेल्या बायका जाणतात. तरीही दर संकटात घराला सावरायला तीच हवी, असं सांगत राहिल्यानं तिचं जुनं ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर आलं आणि त्या ओझ्याला थोरवी हे नाव मिळालं. संजना सून म्हणून त्याच घरात आली. पुढे तिच्याही वाट्याला उपेक्षा आली, तेव्हा मालिकेनं नकळत एक गोष्ट सिद्ध केली: प्रश्न एका वाईट बाईचा नव्हता, त्या घरात बाईसाठी राखून ठेवलेल्या जागेचा होता.

त्याच घरात आणखी एक बाई सुरुवातीपासून काम करत होती. विमल. ती चहा आणते, भाजी निवडते, घरच्यांची दुःखं ऐकते, अरुंधतीची बाजू घेते. तिचं काम पगारी आहे, म्हणून ते काम आहे की नाही हा वाद नाही. पण विमल आपल्या घरी परतते, तेव्हा तिथला स्वयंपाक कोण करतं, तिच्या गाण्याचं किंवा शिक्षणाचं काय झालं, हा कथेचा मुख्य धागा कधी झाला नाही. मध्यमवर्गीय आईच्या कष्टांना न्याय देणारी मालिका तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या कष्टांपाशी थबकली. हे एकट्या लेखकांचं अपयश नव्हे. मराठी बैठकीच्या खोलीत जे दिसतं आणि जे दिसत नाही, त्याचंच हे प्रतिबिंब.

या काळात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही पोचला. ५ जानेवारी २०२१ रोजी एका अपघात भरपाईच्या खटल्यात न्या. एन. व्ही. रमणा यांनी गृहिणीच्या कामाचं मोल धरण्याविषयी स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. त्यांनी २०१९ च्या त्याच पाहणीचा आधार घेतला आणि २०११ च्या जनगणनेतला आकडाही दिला: घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय असं सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १५.९८ कोटी, पुरुष सुमारे ५८ लाख. घरातल्या बाईचं उत्पन्न ठरवणं म्हणजे तिच्या श्रमाला आणि त्यागाला मान्यता देणं, असा त्यांचा सूर होता. अरुंधती दूरचित्रवाणीवर हेच मागत होती. न्यायालय, सांख्यिकी कार्यालय आणि संध्याकाळची मालिका एकाच प्रश्नापाशी येतात, तेव्हा तो प्रश्न समाजाच्या मनात आधीच पिकलेला असतो. म्हणून ‘मालिका कोण बघतं’ असं म्हणून हा ऐवज बाजूला टाकणाऱ्या वाचकांनी, समीक्षकांनी आणि विद्यापीठांतल्या मराठी विभागांनी तो पुन्हा उघडून पाहायला हवा. या पाच वर्षांत मराठी घर स्वतःशी काय बोललं, ते त्यात नोंदलं गेलं आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे चित्रीकरणं बंद पडली आणि काही महिने नवे भाग आले नाहीत. घरी अडकलेल्या माणसांच्या तिन्ही वेळच्या जेवणाचं काम मात्र त्याच दिवसांत वाढलं होतं. मार्च २०२४ मध्ये मालिका संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचवर गेली. सकाळची कामं आटोपून आई जरा टेकते, त्या वेळेला. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ती संपली. सांख्यिकी कार्यालयाची दुसरी पाहणी त्याच २०२४ सालातली. तिच्यानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटांवरून २८९ वर आला आणि पुरुषांचा ९७ वरून ८८ वर.