पुंडलिकाची वीट आणि किल्लारीचा पत्रा

देव भेटीस आला तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता. उठता येईना, म्हणून हाताशी होती ती वीट त्याने पुढे टाकली आणि पाहुणा तिच्यावर उभा राहिला. ही कथा आम्ही भक्तीची म्हणून ऐकतो. पण दारी आलेल्यास आधी पाय टेकायला जागा हवी, हेही तिच्यात आहेच.

आता किल्लारीकडे पहा. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक निजलेले. चारच्या सुमारास धरणी हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गावेच्या गावे बसली, हजारो माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे भारी माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर अंगावर आले. वाचले ते पावसात, उघड्यावर! आधी तंबू, मग पत्र्याच्या शेडी. पत्र्याने पाऊस अडला, खरे. पण मराठवाड्याचा वैशाख पत्र्याखाली काढायचा म्हणजे काय, ते ज्याने काढला त्यालाच विचारावे. ५२ गावे नव्या जागी वसवायची होती. त्या कामाला वर्षे लागली. तात्पुरता म्हणून दिलेला पत्रा, त्याखालीच लोकांचे संसार चालले.

कोणी म्हणेल, वारकऱ्याला तंबूचे काय कौतुक? आषाढीच्या वाटेवर आम्ही रोज राहुट्या ठोकतो. बरोबर. माळ पाहायचा, पाणी वाहून जाईल असा चर काढायचा, म्हाताऱ्यांची आणि बायाबापड्यांची सोय आधी लावायची, ही विद्या आमच्यापाशी आहेच. पण आमची राहुटी रात्रीपुरती. मागे घर शाबूत असते. त्याचे घरच गेलेले! म्हणून शेड घालण्याआधी त्याला विचारावे: बाबा, शेत किती लांब पडेल? बैल कुठे बांधशील? शेजार कोणाचा हवा? आडरानातल्या वस्तीवर तर हे आधी विचारावे, कारण तिथे गुरे सोडून माणूस हलत नाही. मग जोते उचलून घ्यावे, पत्र्यावर तुराट्या अंथराव्यात, चूल मात्र दूर मांडावी.

इकडे विष्णुपुरीच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि गोदामाई चढली की नांदेडच्या सखल वस्त्यांतली माणसे शाळांत आणावी लागतात. तेव्हा वारीहून परतल्यावर दिंडीचे तंबू ओलेच गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळवा, दोर आणि खुंट्या मोजून ठेवा, आणि किल्ली कोणाकडे आहे ते चौघांना ठाऊक असू द्या. आषाढी झाली तरी श्रावण-भाद्रपद पुढेच असतो.