जमाव आणि न्यायासन

न्यायालय हे जमावाच्या क्रोधापासून माणसाचे रक्षण करण्यासाठी असते, अशी आपली समजूत आहे. हातात दोर घेऊन आलेल्यांना दाराबाहेर थोपवावे आणि आत पुरावा, साक्ष व युक्तिवाद यांनाच प्रवेश द्यावा, हे त्याचे प्रयोजन. परंतु तोच जमाव दोर बाहेर ठेवून ज्यूरीच्या आसनांवर शांतपणे येऊन बसला, तर?

अमेरिकेतील अलाबामा राज्यात २५ मार्च १९३१ रोजी मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांना पकडण्यात आले. त्यांतील सर्वांत धाकटा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. त्याच गाडीतील दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. स्कॉट्सबरो गावच्या तुरुंगाभोवती लोक चवताळून जमले, तेव्हा मुलांच्या रक्षणार्थ सशस्त्र सैनिक आणावे लागले. जमावाच्या हाती मुले पडली नाहीत. परंतु पुढील पंधरा दिवसांच्या आत, केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीसमोर, तयारीस अवसरच न मिळालेल्या वकिलांच्या उपस्थितीत खटले उरकले आणि आठ जणांस देहान्ताची शिक्षा झाली.

जमावातील माणसाला आपण मारले, एवढे तरी ठाऊक असते. न्यायालयातून झालेला अन्याय मात्र कोणाच्याच माथी राहत नाही. ज्यूरी म्हणते, आम्ही साक्षीवर विसंबलो. न्यायाधीश म्हणतो, निर्णय ज्यूरीचा. नागरिक म्हणतो, कायद्याने आपले काम केले. पाप असे वाटले गेले की ते कोणालाच जड वाटत नाही.

१९३२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा रद्द केल्या. १९३३ साली हेवूड पॅटरसनचा खटला पुन्हा उभा राहिला. या वेळी त्या दोघींपैकी एकीने शपथेवर सांगितले की, असा प्रकार घडलाच नव्हता. तरीही ज्यूरीने देहान्तच सांगितला. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांना ज्यूरीच्या निर्णयाचा आडोसा घेता आला असता. त्यांनी तो घेतला नाही. पुरावा शिक्षेला पुरेसा नाही, असे कारणांसह लिहून त्यांनी तो निर्णय रद्द केला. १९३४ च्या निवडणुकीत त्यांचे पद गेले, आणि दुसऱ्या न्यायाधीशापुढे पॅटरसन पुन्हा दोषी ठरला.

मग हॉर्टन यांनी साधले काय? आरोपीला ते वाचवू शकले नाहीत, हे खरे. परंतु वाटल्या जाणाऱ्या त्या पापातील आपला वाटा त्यांनी नाकारला, आणि सत्य न्यायालयाच्या दप्तरी नोंदवून ठेवले.

एकट्या न्यायाधीशाच्या धैर्यावर सारे सोडणे मात्र धोक्याचे. न्यायास कोण बसते, हा प्रश्न मूळचा आहे. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या खटल्यात ज्यूरीवर सात युरोपियन आणि दोन हिंदी होते, व निर्णय सातास दोन असाच लागला. स्कॉट्सबरोच्या प्रकरणातही १९३५ साली सर्वोच्च न्यायालयाला हेच म्हणावे लागले की, कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून पद्धतशीर वगळून चालवलेला खटला घटनेला मान्य नाही.

१९३७ साली चौघांवरील आरोप मागे घेण्यात आले. उरलेले आणखी कित्येक वर्षे तुरुंगात राहिले. शेवटच्या तिघांना अलाबामाने २०१३ साली माफी दिली, तेव्हा ती स्वीकारण्यास त्यांच्यापैकी कोणीही हयात नव्हता. कायद्याला चूक दुरुस्त करता येते. परंतु ज्याची वर्षे गेली, त्याला ती परत देण्याची तरतूद कोणत्याही संहितेत नाही. म्हणूनच पहिल्या दिवशी, पहिल्या न्यायालयात, ज्यूरीच्या यादीपासून सावध राहणे हेच खरे न्यायकर्म होय.